रेडिओवर बोलावलेली कानबाई

मी सून होऊन धुळ्याकडच्या गावात गेले, तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं की ही माणसं माझ्याशी भांडतात. भांडत नसायची बिचारी, बोलत असायची. मी बोदवडची. वडील स्टेशनवर नोकरीला, त्यामुळे घरात जरा शुद्ध बोलण्याचा सोस, आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं की आमची पूर्वेकडची बोली. इकडे पांझरेकाठी आले तर सगळं निराळंच. 'आहे'ला शे, 'सगळं'ला बठ्ठं, आणि ळ तर या गावात राहतच नव्हता, काळ्याला काया म्हणायचे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "आठे ये वं", म्हणजे इकडे ये गं, अशी हाक मारली, ती मला दरडावल्यासारखी वाटली आणि मी धान्याच्या खोलीत जाऊन रडले. तिथे मला शोधत आल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

अक्का अंगाने किरकोळ, रंगाने सावळ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पण गळा असा की पहाटे दळताना त्यांनी आवाज लावला की शेजारचं जातं थांबायचं. शेजारीण वर तोंड करून सांगायची, "तुमच्या अक्कांमुळे माझं दळण राहतं, भाकरी तुम्हीच द्या." लग्नात, बारशाला, शेतावर वेचणीला, कुठेही बायका जमल्या की अक्कांना पुढे ढकलायच्या. मला याचं भारी कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही वाटायचा, का खोटं बोलू?

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं, कारण तिकडे कोणाला ठाऊकच नसतं. नारळाची देवी मांडायची, तिला नथ-दागिने घालून नटवायचं, घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गव्हाचे रोट करायचे. वर्षभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली भावकी त्या दिवशी एका घरात मांडीला मांडी लावून जेवते. मग गाणी, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप. एका मुक्कामाची पाहुणी ती.

तिची गाणीही दोन तऱ्हेची. एक बोलावण्याची, दुसरी वाटे लावण्याची. वाटे लावणं म्हणजे वाटेपर्यंत जाऊन निरोप देणं. लेक सासरी निघाली की तिलाही वाटेच लावतात. पुण्यामुंबईकडे वाट लावणं म्हणजे भलतंच काहीतरी असतं, ते आमच्याकडे नव्हे. आणि नियम असा की बोलावण्याचं गाणं एरवी कोणी तोंडात घ्यायचं नाही. तुम्ही गायलात की ती घरून निघाली. मग महिना कोणता ते ती बघत नाही. आली की तिला पाणी, पाट, गोडाचा घास द्यायचा आणि वाटे लावायचं. बोलावून तसंच सोडणं हे आमच्या बायकांच्या लेखी भर पंगतीत वाढलेलं ताट ओढून घेण्याइतकं वाईट.

आता रेडिओ. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला. चावडीत लाकडी कपाटात तो कुलपात असायचा, बाहेर निंबावर भोंगा. किल्ली मास्तरांकडे. बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून धुळ्याला न्यायची आणि ती भरून येईपर्यंत गाव अगदी सुतक असल्यासारखं. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात खताची माहिती, कपाशीचे भाव, आणि दोघे-तिघे गडी आपसांत थट्टामस्करी करायचे. पुरुष चावडीपुढे बसायचे, आम्ही बायका मागे देवळाच्या ओट्यावर, हातात काहीतरी निवडायला घेऊन. नाहीतर म्हणतील, रिकामटेकड्या आल्या.

एका हिवाळ्यात मास्तर आमच्या घरी आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "आबा, रेडिओची माणसं धुळ्याला येताहेत. खानदेशातल्या कलावंतांची गाणी भरून घेणार आणि त्यांच्याशी त्यांच्या कलेविषयी बोलणार. मी तुमच्या सूनबाईंचं नाव कळवलंय."

आबांची छाती दोन बोटं वर आली. ते काही बोलायच्या आत अक्कांनी आतून विचारलं, "कलावंत म्हंजे कोन?"

"तुम्ही," मास्तर म्हणाले.

"माय वं!" म्हणून अक्का मागच्या दाराने गोठ्यात पळाल्या. बाईमाणसाला कलावंत म्हणणं तेव्हा आमच्या गावात काही बरं मानत नसत. मास्तरांना हे उशिरा लक्षात आलं आणि ते घाम पुसत बसले. आबांनीच त्यांना चहा पाजून सावरलं.

खरी अडचण पुढे होती. रेडिओवाल्यांना कानबाईचं गाणंच हवं होतं. दळणाच्या ओव्या सगळीकडे मिळतात, म्हणाले, हे तुमचं खास आहे. आणि महिना होता पौष. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांच्या काळात गावात पुढे होऊन गाणाऱ्या त्याच. पुढे दम लागायला लागला तेव्हा त्यांनी सगळी गाणी अक्कांच्या स्वाधीन केली होती. आबा दोनदा खाकरले. शेवटी सासूबाईंनी अक्कांकडे बघून एवढंच म्हटलं, "बलावशी ते वाटे बी लाव."

बोलावलंस तर निरोपही दे, दोन्ही गाणी होत असतील तर जा. अक्कांनी चुलीतल्या विस्तवावर हात धरून कबूल केलं. वाटे लावली नाही तर पुन्हा पुढे होऊन गाणार नाही, असंही त्या आपण होऊन म्हणाल्या. एवढं कोणी मागितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ही बाई नसती आफत ओढवून घेते. पण बोलले नाही, धाकटी होते ना.

धुळ्याला आम्ही पाचजणी गेलो. अक्का, मागून ओळ झेलणाऱ्या गावातल्या तिघी, आणि मी. मी कशाला? तर मी सातवी पास, साहेबाचं बोलणं मला कळेल आणि आमचं त्याला सांगता येईल. एका शाळेच्या वर्गात त्यांनी बाकं भिंतीला सारून मध्ये ते मशीन मांडलं होतं. दोन चकत्या गरगर फिरायच्या आणि त्यांवरून तपकिरी फीत सरकायची. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, बाहेरचे टांगे ऐकू येऊ नयेत म्हणून.

आमच्या आधी तमाशातल्या एका सोंगाड्याची पाळी होती. आमच्या भागात त्याचं नाव निघालं तरी लोक हसायचे. साहेबाने विचारलं, "लोकांना हसवायचं कसं, याचं काही तंत्र सांगा." झालं. गड्याची बोलतीच बंद. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग साहेबाला म्हणाला, "साहेब, समोर मानूस नही. ही मशीन हसत नही ना. कोनी हसलं म्हंजे माले पुढलं सुचस." साहेब मोठा चांगला माणूस. त्याने चपराशापासून आम्हा बायकांपर्यंत सगळ्यांना समोर बसवलं आणि हसायला सांगितलं. हसायला सांगितल्यावर कोणाला हसू येतं? पण तो प्रकारच असा होता की आम्ही फुटलो, आणि मग सोंगाड्याही सुटला. कोणत्या गावात लोक उशिरा हसतात, कुठे बायका हसल्या की पुरुष हसतात, विनोद पडला तर पागोटं कसं पाडायचं, सगळं सांगितलं त्याने. मशीन थांबलं तरी हा थांबेना.

मग अक्का. मला वाटलं, आता या पदरात तोंड लपवणार. कुठलं काय! पदर सारखा केला, मशीनकडे एकदा बघून घेतलं, आणि बसल्या अशा की जशा ओट्यावर गहू निवडायला बसल्यात.

साहेबाने विचारलं, "इतकी गाणी तुमच्या लक्षात कशी राहतात?"

"राहत नाहीत," अक्का म्हणाल्या. हे मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते आहे, त्या आपल्या अहिराणीतच बोलत होत्या. "मी एकटी बसले तर मला चार ओळी यायच्या नाहीत. मी अर्धी ओळ टाकते, मागची बाई ती झेलते. ती झेलते तेवढ्यात मला पुढची दिसते. म्हणून तर या तिघींना आणलं. तुम्ही एकटीलाच बोलावलं होतं. एकटी बाई कधी गाते का?"

"दिसते म्हणजे?"

"दिसते म्हणजे दिसते. पाणी भरायला निघालं की पुढली पायरी दिसते ना, तशी."

साहेब हसला, मान डोलावली. मग त्याने विचारलं की हे कानबाईचं गाणं तुम्ही घरकाम करताना वगैरे म्हणता का. अक्का एकदम ताठ झाल्या. "नही बाप्पा! बलावं म्हंजे तिले वाटे लावनं पडस."

साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "देवीची वाट लावता?"

माझ्या मागे तिघी खुसखुसल्या. मी घाईघाईने समजावलं, "वाट नव्हे साहेब, वाटे. वाटे लावणं म्हणजे बोळवण करणं. निरोप." त्याला ते फार आवडलं. दोनदा तोंडात घोळवून बघितलं, वाटे लावणं, वाटे लावणं. मी लगेच आमची अटही सांगितली, की बोलावण्याचं गाणं वाजवणार असाल तर त्याच्यामागे वाटे लावण्याचं वाजायलाच हवं. तो म्हणाला, "हो हो, दोन्ही घेऊ." आणि घेतलीही दोन्ही. पहिल्या गाण्यात देवीला विचारतात, की अजून कुठे अडलीस, उंबरा धुतला, दिवा लावला, ये लवकर. दुसऱ्यात सांगतात, हळू जा, वाटेतले गोटे वेचून ठेवलेत, पुढल्या साली ये. दुसरं गाताना अक्कांचे डोळे भरून आले, नेहमीच भरायचे. साहेब मशीन बंद करायचं विसरला. फीत नुसतीच फिरत राहिली.

परत येताना बैलगाडीत आम्ही पाचजणी हवेत होतो. मी तर गावभर सांगत सुटले.

होळी झाल्यावर एका संध्याकाळी तो कार्यक्रम लागणार असल्याचं मास्तरांनी सांगितलं. त्या दिवशी आमच्या ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. आबा चावडीपुढे पहिल्या रांगेत, डोक्याला नवा रुमाल. सासूबाईंना धरून आणलं होतं. अक्का खांबाच्या आड बसलेल्या. आधी सोंगाड्या लागला, आमचं हसणंही लागलं, आणि आपलंच हसणं भोंग्यातून ऐकून मला लाज लाज झाली. मग अक्कांचं बोलणं. तेच ते, ओळ टाकते, मागची झेलते, पुढली पायरी दिसते. गाव टाळ्या पिटायला लागलं. मग बोलावण्याचं गाणं. माय गं, काय तो आवाज! भोंग्यातून निघून निंबावरून सगळ्या शिवारात गेला. बायकांनी हात जोडले, काहींनी पदर पसरला. एकीने उठून देवळापुढे पाणी शिंपडलं, कारण बोलावलं म्हणजे ती येणारच.

गाणं संपलं. आम्ही वाट बघत होतो. भोंग्यातला माणूस म्हणाला की खानदेशच्या कलावंतांचा हा कार्यक्रम संपला, आणि आता ऐका बाजारभाव.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. कपाशीचा भाव सांगून झाला, शेंगांचा सांगून झाला, तरी मला वाटत होतं की आता लावतील, मग लावतील. मास्तर कपाटाशी उभे होते, त्यांनी उगाच एक बटण फिरवलं. खरखर आली. अक्का खांबाआडून उठल्या आणि त्यांचा चेहरा असा पांढराफटक झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

तिकडे मोठ्या शहरात फीत कापणाऱ्याला वेळ कमी पडला, की त्याला ते 'वाटे लावस' भलतंच वाटलं, देव जाणे. मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, वाटे लावायची सोडून तुम्ही आमची वाट लावलीत! अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं.

सासूबाई तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, चला नदीवर. त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या बायका तांब्यात पाणी आणि वाटीत गूळ घेऊन पांझरेवर गेलो. पाणी पायाच्या घोट्याएवढं. अक्कांनीच निरोपाचं गाणं गायलं, नीट, शेवटपर्यंत. मला वाटलं, चला, फिटलं. घरी आल्यावर सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तू तुनी जबान राखी. त्यासनी कापी टाकं, तुना काय दोस?"

अक्का म्हणाल्या, "आठली गई. बाकीना गावेसनं काय?"

आणि तेव्हा आम्हाला कळलं की या बाईच्या डोक्यात काय चाललंय. आमच्या गावातली देवी गेली. पण त्या संध्याकाळी जिथे जिथे चावडीवर रेडिओ होता, तिथे तिथे अक्कांच्या आवाजाने कानबाई बोलावली गेली होती. बठ्ठ्या खानदेशात. तिथे तिला कोण पाणी देणार? कोणाला ठाऊक की निरोपाचं गाणंही होतं आणि ते कापलं गेलंय? "ती आते कोना घर बठेल व्हई? तिले कोन इचारी?" असं म्हणून अक्का भिंतीला टेकून बसल्या. आबांनी समजावलं, माझ्या दिरांनी समजावलं. मास्तर येऊन म्हणाले, अहो, देवीला कळत नाही का? त्यावर अक्का म्हणाल्या, "तिला कळतं हो. पण बोलावलं मी."

मास्तर टोपी सारखी करून निघून गेले.

त्या दिवसापासून अक्कांचं गाणं थांबलं. रुसवा नाही, रडारड नाही. काम सगळं करायच्या, बोलायच्या, माझ्या पोराला खेळवायच्या, पण पहाटे नुसतं जात्याचं घरघर ऐकू यायचं. शेजारीणही एकदा कुंपणावरून म्हणाली की आता दळण होतं वेळेवर, पण भाकरी गोड लागत नाही. गावात एक लग्न निघालं, बायका बोलवायला आल्या, अक्कांनी हात जोडले आणि दुसरीचं नाव सुचवलं. श्रावण यायचा होता, आणि श्रावणात पुढे कोण होणार हा प्रश्न घरात कोणी काढत नव्हतं. सासूबाई मात्र खंगल्यासारख्या दिसू लागल्या. त्यांनीच तर अट घातली होती. एकदा मला म्हणाल्या की माझ्या जिभेला हाड नाही, तेवढं बोलले नसते तर बरं झालं असतं. मला दोघींचीही दया यायची आणि दोघींचा रागही यायचा.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. निंबाला झोके, आंब्याचा रस, खापरावरचे मांडे, आणि सासरच्या चहाड्या. मला भाऊ न्यायला आला आणि मी बोदवडला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही साऱ्या माहेरवाशिणी झोक्याखाली बसलो होतो. आई कैऱ्या फोडत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "अव, होळीनंतर इथं काय झालं माहीत हाये का तुले? रेडिओवर कोन बाई होती कोनास ठावं. तिनं कानबाई बलावली अन् तशीच सोडली!"

माझ्या हातातली फोड खाली पडली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! आली ती आली. उपाशी बसवाची का तिले? आम्ही साऱ्याजणी उठलो, दूध-साखर दिली, अन् नाल्यापर्यंत जाऊन लावली वाटे. भाव सांगनारा बोंबलत होता, त्याच्याकडं कोन पाहते?"

मी आईला काही सांगणार तेवढ्यात माझी एक मैत्रीण झोक्यावरून ओरडली, "म्हणजे तुमच्याकडेही?" ती सावद्याला दिलेली. तिच्या गावी तर सासऱ्यानेच चावडीवरून घरी येऊन बायकांना दटावलं होतं की देवी दारात उभी आहे आणि तुम्ही काय चुलीत फुंकत बसलात. केळीच्या बागेतून पाट वाहतो, त्या पाटावर नेऊन त्यांनी तिला वाटे लावलं. असोद्याला दिलेली म्हणाली की आमच्याकडे दोन गल्ल्यांत भांडण, मान कोणाचा म्हणून. शेवटी दोन वेळा वाटे लावली, एका गल्लीने एकदा, दुसरीने एकदा. आम्ही हसून हसून लोळलो. चौथी बिचारी गप्प होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आमचा रेडिओ बिघडलेला होता ना."

"मग तुमच्याकडे आलीच नाही ती, तू कशाला तोंड पाडतेस?" मी म्हटलं.

कोणी कोणाला निरोप धाडला नव्हता. कोणी सांगितलं नव्हतं. जिने तिने आपापल्या ओट्यावरून उठून तांब्या उचलला होता. मला तिथेच रडू फुटलं. आई घाबरली, म्हणाली, सासरी काही त्रास आहे का? मी म्हटलं, त्रास कसला, ती बाई आमच्या घरची आहे! मग आईने कपाळावर हात मारून घेतला आणि अक्कांची माफी मागायला सांगितली, तशीच सोडली म्हणाली म्हणून.

आखाजी संपायची मी वाट बघितली नाही. माहेरातून आपणहून लवकर परत येणारी सून गावात पहिलीच असेन. पोराला काखोटीला मारलं आणि भावाला म्हटलं, मला पोचव. भर दुपारी घरी आले. अक्का मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. सगळं सांगितलं, बोदवडचं, सावद्याचं, असोद्याच्या दोन गल्ल्यांचं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मन्हासाठे खोटं नको सांगू."

"माझ्या लेकराची शपथ."

"बठ्ठा गावेसमा व्हयनं व्हई?"

आता मी काय सगळ्या खानदेशाची खानेसुमारी करून आले होते? मी तीनच गावं ऐकली होती. पण मला रागच आला. मी म्हटलं, "अक्का, मी तीन गावांचं सांगते. बाकीच्यांचं मला माहीत नाही. पण मला एक सांगा, जिथे रेडिओ होता तिथे बायका नव्हत्या का? तुम्ही अर्धी ओळ टाकता आणि मागची झेलते, हे तुम्हीच त्या साहेबाला सांगितलंत ना? मग एवढ्या बायका मागे बसलेल्या असताना तुमची ओळ जमिनीवर पडेल असं वाटलंच कसं तुम्हाला?"

धाकट्या जावेने थोरलीला असं बोलायचं नसतं. बोलून गेले खरं. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले, पण अडवलं नाही.

अक्कांनी हातातल्या शेवया खाटेवर पसरून ठेवल्या. मग हळूच विचारलं, तुझ्या आईकडच्या बायकांनी काय गायलं? चाल कोणती होती?

आली का पंचाईत! मला सगळं देवाने दिलं, गळा तेवढा दिला नाही. मी गायले की पोर झोपेतून उठून रडतं. पण आईने ते गाऊन दाखवलं होतं आणि अक्का तोंडाकडे बघत होत्या, तेव्हा मी डोळे मिटून सुरू केलं, "हयू हयू जाय माय, वाट तुही ओली हाये..." पहिल्याच ओळीत माझा आवाज फाटला, दुसरीत चाल सुटून भलत्याच गाण्यात शिरली. भिंतीपलीकडे शेजारीण खदखदून हसली. मी तरी रेटत होते.

"नही वं माय," अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आसं नही. ऐक."

आणि त्या गायल्या. कडक उन्हात, शेवयांच्या खाटेपाशी उभ्या राहून, होळीनंतर पहिल्यांदा. सुरुवातीला आवाज जरा बसलेला होता, मग मोकळा होत गेला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अर्धी ओळ टाकून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून खेकसल्या, "रडस काय? म्हन मन्हा मांगे."

मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, जमेल तसं.